छापील कागद कोणत्या पद्धतीने छापला, हे कसे ओळखावे

एखादा कागद खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापला आहे, शिळाप्रेसवर छापला आहे, ऑफसेटवर छापला आहे की साध्या प्रिंटरमधून निघाला आहे, हे ओळखायला प्रयोगशाळेची गरज नसते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, बाजूने तिरका उजेड पाडता येईल अशी छोटी विजेरी, धुऊन नीट कोरडे केलेले हात आणि थोडी सवड एवढ्या भांडवलावर बहुतेक कागदांचा उलगडा होतो. जवाहिरे वापरतात तसले घडीचे भिंग सर्वांत सोयीचे. ते डोळ्याच्या अगदी जवळ धरावे आणि कागद वर आणत आणत नजरेच्या टप्प्यात घ्यावा; भिंग कागदावर ठेवून वरून डोकावू नये, कारण तसे केल्यास पृष्ठभागावर ओरखडे पडण्याची भीती असते आणि उजेडही अडतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र नोंदीसाठी उपयोगी असते, पण पहिली पाहणी डोळ्यांनीच करावी. कॅमेरा आपल्या हिशेबाने कडा धारदार करून दाखवतो, आणि आपल्याला तर नेमक्या कडाच पाहायच्या असतात.

पाहणीला बसताना एकच प्रश्न समोर ठेवावा: कागदाला लागण्यापूर्वी शाई कुठे होती? ती ठशाच्या उंच भागावर असू शकते, धातूच्या पत्र्यात कोरलेल्या खळग्यांत असू शकते, दगडाच्या किंवा पत्र्याच्या सपाट पृष्ठभागावर असू शकते, किंवा ताणून बसवलेल्या जाळीतून खाली दाबली गेलेली असू शकते. अलीकडच्या यंत्रांत तर कायमचा ठसाच नसतो. प्रत्येक प्रतीसाठी प्रतिमा नव्याने तयार होते. या प्रत्येक ठिकाणाहून निघालेली शाई कागदावर वेगळ्या रीतीने बसते आणि तो फरक अक्षराच्या कडेला सर्वांत स्पष्ट दिसतो. पुष्कळ जण भिंग हाती येताच चित्राकडे वळतात. माझा आग्रह अक्षरापासून सुरुवात करण्याचा आहे, कारण पुस्तकातले चित्र कित्येकदा निराळ्या पद्धतीने छापून नंतर आत चिकटवलेले असते, आणि चित्रातल्या ठिपक्यांची गर्दी नवख्या नजरेला गोंधळात टाकते.

आधी पाठीमागची बाजू

भिंग लावण्याआधी कागद उलटा करावा आणि विजेरी जवळजवळ कागदाच्या पातळीत धरून उजेड आडवा पाडावा. मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव दिसले, बोटाला ओळींचा खरखरीतपणा जाणवला, तर शाई कुठल्या तरी उंच भागावरून दाबाने लागली आहे. पुढच्या बाजूला चित्राभोवती खोल दबलेला आयताकृती चौकोन दिसला, तर तांब्याच्या किंवा पोलादाच्या कोरीव पत्र्यावरून छापल्याची ती खूण समजावी. काहीच जाणवले नाही, तर सपाट पृष्ठभागाची छपाई किंवा आधुनिक प्रिंटर यांच्याकडे कल जातो. तो केवळ कल असतो, निर्णय नव्हे. पुस्तकबांधणीत ओली पाने दाबाखाली ठेवली जातात, जुन्या पानांची दुरुस्ती करताना ती सपाट केली जातात, आणि अशा वेळी खिळ्यांचा दाब जवळजवळ नाहीसा होतो.

उंच भागावरची शाई: लाकडी ठसे आणि खिळे

छपाईचा सर्वांत जुना मार्ग हाच आहे. चीनमध्ये लाकडी फळ्यांवर अक्षरे उलटी कोरून छापलेले वज्रसूत्र हे बौद्ध सूत्र इसवी सन ८६८ चे आहे. तिथेच १०४० च्या सुमारास बी शंग याने भाजलेल्या मातीचे सुटे खिळे केले. कोरियात १३७७ साली धातूच्या सुट्या खिळ्यांनी जिक्जी हा ग्रंथ छापला गेला. योहान गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास बायबल पूर्ण केले तेव्हा खिळ्यांसाठी शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा मिश्रधातू, तेलात घोटलेली चिकट शाई आणि स्क्रूचे दाबयंत्र या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. ओळखणाऱ्याच्या दृष्टीने यातली शाई महत्त्वाची आहे. तेलकट, घट्ट शाई उंच धातूवर बसते आणि दाब पडला की अक्षराच्या मधल्या भागातून कडेकडे सरकते. त्यामुळे भिंगाखाली अक्षराला गडद किनार दिसते आणि किनारीच्या आतला भाग किंचित फिकट राहतो. ही किनार हीच उठावाच्या छपाईची मुख्य खूण आहे. कागदाला पडलेला खोलगटपणा तिच्यानंतर विचारात घ्यावा.

देवनागरी पानांवर आणखी एक खात्रीचा पुरावा सापडतो. सुट्या खिळ्यांच्या जुळणीत शिरोरेषा सलग नसते. प्रत्येक खिळा आपल्यापुरता तुकडा घेऊन येतो, जुळारी ते तुकडे शेजारी शेजारी बसवतो आणि शब्दभर एक रेघ असल्याचा भास निर्माण होतो. दहा पटीच्या भिंगाखाली हे सांधे उघडे पडतात: कुठे केसाएवढी पांढरी फट, कुठे एक तुकडा शेजारच्यापेक्षा सूतभर खाली, कुठे झिजलेल्या खिळ्याची रेघ टोकाला गोल झालेली. मात्रा, रफार, अनुस्वार यांसाठी वेगळे खिळे किंवा खिळ्याबाहेर डोकावणारे नाजूक भाग असत, आणि ते वारंवार तुटत. म्हणून एकाच पानावर एखादी मात्रा शेंड्याकडे तुटकी, तर दोन ओळी खाली तीच मात्रा धडधाकट, असे दिसले तर पान हाताने जुळवले आहे असे समजायला हरकत नाही. संगणकावरच्या अक्षरसंचात एका पानावरचे सगळे ‘क’ तंतोतंत सारखे असतात. खिळ्यांच्या पानावर पाच ‘क’ शोधून त्यांची तुलना करावी. प्रत्येकाची झीज निराळी दिसेल.

शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेकडेही लक्ष द्यावे. तिथे धातूचे बुटके तुकडे भरलेले असतात आणि चौकट घट्ट बसली नसेल तर यंत्राच्या हादऱ्याने त्यांतला एखादा हळूहळू वर येतो, शाई घेतो आणि दोन शब्दांमध्ये काळा उभा आयत उमटवतो. छापणाऱ्याला हा दोष खटकत असे. ओळखणाऱ्याला मात्र त्यापेक्षा स्पष्ट साक्ष मिळत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत तो मुळातून निर्माण होऊच शकत नाही.

लाकडी ठशावरचे पान असेल तर अक्षरांचे आकार परस्परांशी जुळत नाहीत, शेजारची अक्षरे एकमेकांच्या हद्दीत शिरतात, आणि ठशाला गेलेला तडा एकाच पांढऱ्या रेघेच्या रूपाने चार-पाच अक्षरांतून आरपार जाताना दिसतो. पूर्व आशियातील जुन्या लाकडी छपाईत कागद ठशावर ठेवून मागून घासत असत, त्यामुळे दाबाच्या खुणा फारशा नसतात आणि पाने बहुधा एकाच बाजूने छापलेली असतात.

यंत्र हाताचे होते की वाफेचे, हे एका पानावरून सांगणे कठीण आहे आणि त्या मोहात पडू नये. फ्रीडरिश क्योनिग याच्या वाफेच्या यंत्रावर लंडनच्या ‘द टाइम्स’चा अंक २९ नोव्हेंबर १८१४ रोजी छापला गेला, ताशी सुमारे ११०० प्रती हा वेग हातयंत्राच्या चौपटीहून अधिक होता. तरीही कागदावर उमटणारे अक्षर त्याच जातीच्या खिळ्यांचे होते. जुळणीच्या यंत्रांबाबत थोडी अधिक आशा असते. ओटमार मर्गनथालरचे लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रासाठी चालू झाले. ते अख्खी ओळ एका पट्टीत ओतत असे, त्यामुळे अक्षरे वेगवेगळी सरकण्याऐवजी एखादी संपूर्ण ओळच तिरकी किंवा फिकट झालेली आढळते.

दगडावरची सपाट शाई

आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शिळामुद्रण शोधले. झोल्नहोफनच्या चुनखडीवर मेणचट शाईने लिहायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट अक्षरे शाई घेतात, ओला दगड ती नाकारतो. उंच काही नाही आणि खोल काही नाही, म्हणून अक्षराला गडद किनार पडत नाही. शाई कडेपासून कडेपर्यंत एकसारखी पातळ असते आणि मागच्या बाजूला उठाव नसतो.

मराठी वाचकाला ही पद्धत शिळाछाप पोथ्यांमुळे प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची शक्यता अधिक आहे. अशा पोथीचे अक्षर लेखनिकाच्या हातचे असते, शिरोरेषा अखंड धावते, जोडाक्षरे लेखणीच्या वळणाची असतात, आणि म्हणून पुष्कळदा ती हस्तलिखित समजून जपून ठेवलेली असते. फरक शाईत शोधावा. बोरूने लिहिताना शाई फटकाऱ्याच्या शेवटी साचते, तिथे रंग दाट होतो, आणि बोरू पुन्हा दौतीत बुडवल्यावर लगेचची अक्षरे आधीच्या अक्षरांपेक्षा ठळक येतात. शिळाछाप पानावर ही चढउतार नसते. जाड फटकारा आणि बारीक रेघ दोन्ही एकाच काळेपणाच्या असतात. मोठ्या काळ्या भागांत भिंगाखाली बारीक पांढरे कण दिसतात, तेही छपाईचेच लक्षण आहे.

दगडावरच्या रंगीत चित्रांत यंत्राच्या जाळीचे, म्हणजे सारख्या अंतरावर ओळीने मांडलेले, नियमित ठिपके नसतात. कारागिराने हाताने दिलेले ठिपके किंवा खडूची रवाळ छटा दिसते, आणि रंग चारापेक्षा कितीतरी अधिक असू शकतात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागत असे. चित्राच्या कडेला रंग एकमेकांवर नीट न बसल्याने डोकावणाऱ्या पट्ट्या मोजल्या तर किती दगड वापरले याचा अंदाज बांधता येतो.

खळग्यांतली शाई

कोरीव पत्र्याच्या छपाईत शाई खळग्यांत भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद जबर दाबाने त्यावर दाबतात; कागद खळग्यात शिरून शाई उचलतो. म्हणून रेघ कागदाच्या वर उभी असते. तिरक्या उजेडात तिची बारीक सावली पडते आणि रेघेची टोके निमुळती होत संपतात. अनेक चलनी नोटांवरचा नखाला लागणारा खरखरीतपणा याच पद्धतीचा असतो.

हीच कल्पना सिलिंडरवर नेली की ग्रॅव्ह्युअर होते. लाखांच्या प्रती निघणारी सचित्र मासिके आणि वेष्टने त्यावर छापली जातात. याची खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: परंपरागत ग्रॅव्ह्युअरमध्ये मजकुरासकट सगळे पान खळग्यांच्या जाळीत कोरलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडाही करवतीच्या दातांसारख्या दिसतात.

ऑफसेट

आज हाताशी येणारी बहुतेक पुस्तके, मासिके आणि वृत्तपत्रे ऑफसेटवर छापलेली असतात, म्हणून नजर आधी या पद्धतीला सरावली पाहिजे. तत्त्व शिळामुद्रणाचेच आहे. दगडाच्या जागी पातळ पत्रा आला आणि पत्र्यावरची शाई आधी रबराच्या चादरीवर घेऊन मग कागदाला देण्याची सोय झाली. अमेरिकेत आयरा रूबेल याला १९०४ च्या सुमारास हे उमगले ते कागद घालायचा राहिल्यामुळे. प्रतिमा रबराच्या रुळावर उमटली आणि पुढच्या कागदाच्या मागच्या बाजूला तिची जी छाप पडली, ती थेट छापीपेक्षा स्वच्छ होती, कारण रबर कागदाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते.

ऑफसेटचे अक्षर भिंगाखाली स्वच्छ, सपाट आणि किनारीशिवाय दिसते. चमक नसते, आसपास कण उडालेले नसतात. चित्रात चार रंगांचे ठिपके असतात: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारही जाळ्या एकाच दिशेने लावल्या तर डोळ्याला त्रास देणारे पट्टे दिसतात, म्हणून काळी जाळी ४५ अंशांत, किरमिजी ७५, निळसर १५ आणि पिवळी शून्य अंशात ठेवण्याची रीत आहे. या कोनांमुळे ठिपक्यांची छोटी छोटी वर्तुळाकार फुले तयार होतात. चेहऱ्यावरच्या किंवा आकाशाच्या फिकट भागात भिंग नेले की ही फुले लगेच सापडतात. काही चांगल्या छपाईत ठिपके जाळीत न बसवता विखुरलेले असतात. तिथे इंकजेटचा भास होतो आणि निर्णय पुन्हा अक्षराच्या कडेवरच घ्यावा लागतो.

लेटरप्रेसवरही, म्हणजे खिळ्यांच्या उठावाच्या छपाईतही, जाळीच्या ठिपक्यांचे ब्लॉक (धातूचे ठसे) छापत असत. तिथे प्रत्येक ठिपक्याला ती ओळखीची गडद किनार असते. ऑफसेटच्या ठिपक्याला नसते. हा भेद एकदा दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहिला की पुढे चुकत नाही.

जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांवर फ्लेक्सो असते. हीही उठावाचीच छपाई आहे, पण ठसा रबरासारखा मऊ आणि शाई पातळ, म्हणून अक्षराच्या बाहेर एक फिकट रेघ वेगळी सुटलेली दिसते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत, शाईचा थर इतका जाड असतो की तो डोळे मिटूनही बोटाला कळतो.

ठसा नसलेली यंत्रे

चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात कोरड्या भुकटीने पहिली प्रत काढली. स्थिर विजेने भारलेल्या पृष्ठभागावर भुकटी चिकटवायची, ती कागदावर उतरवायची आणि उष्णतेने वितळवून पक्की करायची, हेच तत्त्व फोटोकॉपीत आणि लेझर प्रिंटरमध्ये आजही चालते. ही भुकटी, म्हणजे टोनर, मुख्यतः रंगवलेले प्लास्टिक असते. तो कागदात मुरत नाही. तंतूंच्या वर वितळून बसतो. कागद हळूहळू वाकडा करत पाहिले तर अक्षरे चमकतात, भिंगाखाली त्यांचा पृष्ठभाग वितळून थिजलेला दिसतो, आणि अक्षरांच्या भोवतीच्या पांढऱ्या जागेत चुकार काळे कण विखुरलेले सापडतात. कागदाला घडी पडली असेल तर घडीच्या रेषेवर टोनरचे टवके उडालेले असतात. जुन्या लेझर प्रिंटरच्या, म्हणजे १९८४ च्या पहिल्या लेझरजेटसारख्या इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या यंत्रांच्या कागदावर तिरप्या रेघांना पायऱ्या पडलेल्या भिंगाखाली दिसतात. टोनरचे कागद मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नयेत. अक्षरे पिशवीला चिकटून निघून येतात.

पुष्कळ रंगीत लेझर प्रिंटर पानभर अतिशय बारीक पिवळे ठिपके छापतात. साध्या उजेडात ते दिसत नाहीत, निळ्या उजेडात गडद दिसतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्रांचे ठिपके उलगडले, तेव्हा त्यांत यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ असल्याचे दिसून आले. कोऱ्या भागावर निळी विजेरी फिरवून ते शोधावेत. सापडले तर कागद रंगीत लेझरचाच आहे.

इंकजेटची शाई पातळ असते. साध्या कागदावर ती तंतूंच्या वाटेने पसरते, म्हणून अक्षराच्या कडेला मुळ्या फुटल्यासारख्या दिसतात. मुख्य थेंबाच्या बाजूला छोटे उपथेंब पडलेले असतात. लेप दिलेल्या कागदावर ही पसरण होत नाही आणि तिथे तीस पटीचे भिंग लागते. छायाचित्राच्या फिकट भागात जाळीची फुले नसून अनियमित विखुरलेले थेंब असतील, तर इंकजेट समजावा. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याचा सल्ला दिला जातो. तो स्वतःच्या टाकाऊ कागदापुरता ठीक आहे, जपायच्या कागदावर तो प्रयोग कधीही करू नये.

डॉट मॅट्रिक्सचे अक्षर ९ किंवा २४ सुयांच्या ठोक्यांनी बनते, शाई फितीतून येते आणि प्रत्येक ठिपक्याला खोलगटपणा असतो. औष्णिक कागदावरच्या पावत्यांत शाई नसतेच. कागदाचा लेपच उष्णतेने काळा पडतो, आणि कोपऱ्यावर नख जोरात घासले की काळी रेघ उमटते.

फसवणारे नमुने

खोल दाब पाहून कागद जुना ठरवू नये. पूर्वीचे चांगले छापणारे दाब शक्य तितका हलका ठेवत आणि त्यासाठी ठशाखाली कागदाचे कपटे चिकटवून तासन्‌तास खपत. बोटाला जाणवेल असा मुद्दाम दिलेला खोल ठसा ही अलीकडची आवड आहे. तो बहुधा संगणकावर जुळवलेल्या मजकुराच्या प्लास्टिक पट्टीवरून छापतात. तिथे किनार असेल, दाबही असेल, पण शिरोरेषा अखंड आणि सगळे ‘क’ एकसारखे असतील. निमंत्रणांवरची चकाकणारी फुगीर अक्षरेही कोरीव पत्र्याची नसतात. ओल्या शाईवर राळेची भुकटी टाकून ती तापवून फुगवलेली असते, आणि मागच्या बाजूला कागद अगदी सपाट राहतो.

जुन्या पुस्तकाची ऑफसेटवर काढलेली प्रतिकृती सर्वांत अधिक चकवते. तिच्यात तुटलेल्या मात्रा, सांधे उघडी पडलेली शिरोरेषा, वर आलेला काळा आयत असे सगळे दिसते, कारण ते मूळ पानाच्या छायाचित्रातून आलेले असते. म्हणून अक्षराचा आकार आणि शाईची बैठक या दोन साक्षी वेगळ्या ठेवाव्यात. आकार खिळ्यांचा पण शाई सपाट आणि किनारीशिवाय, अशी विसंगती आढळली की पान प्रतिकृतीचे आहे.

पद्धत कळल्यावर काळाची एकच मर्यादा सांगता येते: कागद या सालाच्या आधीचा नसावा. जाळीच्या ठिपक्यांचे ब्लॉक १८८० च्या दशकात व्यवहारात आले, कागदावरचे ऑफसेट विसाव्या शतकाच्या आरंभी आले, साध्या कागदावर प्रती काढणारे झेरॉक्स ९१४ हे कार्यालयीन यंत्र १९५९ मध्ये आले. मुखपृष्ठावर १८६० असे साल असून आतल्या छायाचित्रात ठिपक्यांची जाळी असेल, तर निदान ते चित्र तरी त्या सालाचे नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चकाकला तर त्यात उजळपणासाठी घातलेली रसायने आहेत, आणि ती साधारण १९५० नंतरच्या कागदांत सर्रास आढळतात. उलट दिशेचा निष्कर्ष मात्र काढू नये. खिळ्यांची यंत्रे ऑफसेट आल्यावरही कित्येक दशके चालू होती आणि काही ठिकाणी आजही चालतात.

नजर तयार करण्यासाठी खात्रीचे नमुने जमवावेत: मासिकाचे रंगीत पान, वृत्तपत्राचा तुकडा, लेझरवर आणि इंकजेटवर काढलेला एकच मजकूर, दुकानातली पावती, खोक्याचा पुठ्ठा, आणि मिळाल्यास खिळ्यांच्या काळातल्या फाटक्या पुस्तकाचे सुटे पान. प्रत्येकावर तेच एक अक्षर निवडून त्याची कडा पाहावी आणि जे दिसले ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. अनोळखी कागद आला की तो या नमुन्यांच्या शेजारी ठेवून, एकाच उजेडात आणि एकाच भिंगाने पाहावा. नोंद करताना ‘ऑफसेट’ असा निकाल लिहिण्याआधी ‘किनार नाही, मागे उठाव नाही, चमक नाही, चित्रात ठिपक्यांची फुले’ ही निरीक्षणे लिहावीत. ही नोंद पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर करावी आणि मूळ कागदावर काहीही लिहू नये.